खेळ बदलला म्हणून काय झालं?

रोहण्याला गेले की काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय गं, खो-खो सोडलास म्हणे?" जणू मी शिक्षणच सोडलं! अहो काकू, कॉलेजात मुलींची खो-खोची टीमच नाही, म्हणून फुटबॉलमध्ये गेले. पण आपल्याकडे खेळ बदलला की लगेच 'एक ना धड भाराभर चिंध्या'.

अशा वेळी मला कोरा स्टाँटन आठवते. (मी कॉन्व्हेंटवाली, शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं.) आयर्लंडच्या मेयो परगण्याची ही बाई तिथला गेलिक फुटबॉल खेळायची. त्यात चेंडू गोल असतो, हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलं झाली की तो जमिनीवर आपटायचा, नाहीतर पायाने उडवून पुन्हा हातात घ्यायचा. खेळ पूर्ण हौशी, पगार वगैरे काही नाही. 1999 ते 2003 या काळात मेयोने चारदा ऑल-आयर्लंड विजेतेपद मिळवलं आणि चारही वेळा ती टीममध्ये होती. 1999 च्या फायनलआधी तर तिचं खांद्याजवळचं हाड मोडलेलं, तरी दोन-चार क्षणांसाठी का होईना, मैदानात उतरली.

2017 मध्ये ऑस्ट्रेलियात महिलांची फुटबॉल लीग सुरू झाली. त्यांचा फुटबॉल तिसराच! मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. टप्पा पडल्यावर तो कुठे उसळेल ते आमच्या मेकॅनिक्सच्या सरांनाही सांगता येणार नाही. चेंडू फेकायचा नाही, मुठीने मारून द्यायचा. 2018 मध्ये ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्सकडून स्टाँटन या खेळात उतरली तेव्हा तिचं वय 36 होतं. आपल्याकडे या वयात बाईला 'आता गुडघे सांभाळ' म्हणतात. 2019 मध्ये तिचा पाय चार ठिकाणी मोडला. ती 2020 मध्ये परत आली, गोल मारत राहिली आणि 2023 मध्ये निवृत्त झाली.

आता मला सांगा, तिची आधीची वीस वर्षं वाया गेली का? चेंडू हातातून पायावर कसा सोडायचा, हे तिला नव्याने शिकावं लागलं असणार. पण लांबवर किक मारणं, मोकळी जागा हेरणं हे तर सोबत आलंच ना!

आणि हे फक्त तिकडेच होतं असं नाही. पुण्याच्या वाहबिझ भरुचाने भारताच्या महिला रग्बी टीमचं नेतृत्व केलं. 2019 मध्ये मनिलाला भारताच्या मुलींनी सिंगापूरला 21-19 ने हरवलं, पंधरा जणींच्या रग्बीतला तो आपला पहिलाच आंतरराष्ट्रीय विजय. त्या टीममधली बिहारची स्वीटी कुमारी मुळात धावपटू.

माझंच बघा. खांबाजवळ हुलकावणी द्यायची सवय फुटबॉलमध्ये बरोब्बर कामी येते. अडचण वेगळीच आहे. मैदान मुलांचं खेळून झाल्यावर, साडेसहाला मिळतं आणि होस्टेलचं गेट सातला बंद होतं. अर्ध्या तासात वॉर्मअप करायचा की प्रॅक्टिस? त्याचा अर्ज आम्ही अकरा जणींनी सह्या करून दिलाय. उत्तर यायचंय.