तीनशेच्या आत

आमच्या तालुक्याचे नाव केळापूर. पण तालुक्याच्या कचेरीचे काम काढायचे तर जावे लागते पांढरकवड्याला. कागदावर केळापूर, कारभार पांढरकवड्यात. बाहेरगावाहून नव्याने बदलून आलेला माणूस हमखास गोंधळतो, आणि इथल्या कुणालाही त्यात नवल वाटत नाही. नाव एकीकडे आणि काम दुसरीकडे असू शकते, हे शहाणपण या तालुक्यात शाळकरी पोरालाही असते. परदेशी विद्यापीठ निवडण्याची वेळ आली की मात्र आम्ही सारे, विद्यार्थी, प्राध्यापक आणि शासन, हे शहाणपण गुंडाळून ठेवतो आणि नावामागे धावत सुटतो. या धावण्याविरुद्ध हा लेख आहे.

काही काळापूर्वी एक विद्यार्थी माझ्याकडे दोन प्रवेशपत्रे घेऊन आला. घरात पदवीपर्यंत पोचलेला तो पहिलाच. समाजाने परधान, आजोबा किंगरी वाजवून गोंडांच्या देवकथा गात असत. त्याला अभ्यास करायचा होता तो याच मौखिक परंपरेचा. एक प्रवेश लंडनच्या ‘स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज’चा, म्हणजे ‘सोआस’चा होता. दुसरा होता इंग्लंडमधल्याच एका मोठ्या विद्यापीठाचा, माध्यमे आणि व्यवस्थापन यांच्याशी संबंधित अभ्यासक्रमाचा. पहिला त्याला हवा होता. पण ज्या शिष्यवृत्तीवर त्याची सारी भिस्त होती तिची अट स्पष्ट होती : विद्यापीठ जागतिक क्रमवारीत तीनशेच्या आत असले पाहिजे. सोआस एकूण क्रमवारीत त्या रेषेच्या बाहेर होते. त्याने दुसरे विद्यापीठ निवडले. मी त्याला दोष देत नाही. त्याच्यापुढे दोन विद्यापीठे नव्हतीच. एक विद्यापीठ होते आणि एक आकडा होता.

आता सोआसमध्ये काय आहे ते पाहू. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात पैनगंगेपलीकडे, आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहिले. त्यांच्या पुराणकथांवर आणि विधींवर त्यांनी १९४८ साली पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्या कथा जपणारे गायक होते परधान. हेच गृहस्थ पुढे सोआसमध्ये प्राध्यापक झाले. त्यांची छायाचित्रे, चित्रफिती आणि टिपणे यांचा मोठा संग्रह तिथेच आहे. नदीच्या अल्याड-पल्याड सोयरिकी असलेल्या समाजाचा पाऊणशे वर्षांपूर्वीचा दृश्य पुरावा लंडनच्या त्या संस्थेत आहे. मराठी कथांचे इंग्रजी अनुवाद करणारे आणि महानुभाव वाङ्मयावर काम करणारे इयान रेसाइड हेही सोआसमध्येच मराठी शिकवीत. गेल्या काही वर्षांच्या क्यूएस याद्यांत ‘विकास अभ्यास’ या विषयात ही संस्था जगातल्या पहिल्या दहांत दिसते. एकूण यादीत ती तीनशेच्या बाहेर. म्हणजे ज्याला नेमके जिथे जायचे आहे तिथे ती अव्वल, आणि ज्या विषयांशी त्याला कर्तव्य नाही त्यांच्या अभावी ती अपात्र. वैद्यकशाखा नाही, अभियांत्रिकी नाही, प्रयोगशाळा नाहीत. म्हणून परधानांच्या गाण्याचा अभ्यास तिथे करता येणार नाही! या तर्काला काय म्हणावे?

क्रमवारी हा शब्द आपण असा उच्चारतो की जणू कुणी तराजूत घालून ज्ञान मोजले आहे. प्रत्यक्षात या याद्यांचे वय पंचवीस वर्षांच्याही आतले. शांघायची यादी २००३ ची. ती निघाली चिनी विद्यापीठे जगाच्या तुलनेत कुठे उभी आहेत हे पाहण्यासाठी. तिच्यात ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या दोन नियतकालिकांतल्या लेखांना वीस टक्के गुण आहेत. शिक्षकांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकांना गुण आहेत, पण त्या रकान्यात साहित्याचे नोबेल धरलेलेच नाही. २००४ पासून निघू लागलेल्या क्यूएसच्या यादीची सध्याची रीत अशी : तीस टक्के गुण अध्यापकांमधल्या नावलौकिकाला, पंधरा टक्के नोकरी देणाऱ्यांमधल्या नावलौकिकाला, वीस टक्के शोधनिबंधांच्या संदर्भांना, दहा टक्के शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाला, आणि उरलेले परदेशी शिक्षक, परदेशी विद्यार्थी, आंतरराष्ट्रीय संशोधन-संबंध, रोजगार व शाश्वतता अशा पाच-पाच टक्क्यांच्या वाट्यांना. म्हणजे जवळजवळ निम्मे गुण ‘लोक काय म्हणतात’ याला. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ‘लोक काय म्हणतात’ याच मापाने मोजून गावाबाहेर ठेवले गेले, त्याच समाजाच्या मुलांसाठी शासनाने हे माप पसंत करावे, ही विसंगती कुणाच्या ध्यानात येऊ नये?

साहित्याच्या अभ्यासकाला तर ही मोजपट्टी सर्वांत कमी उपयोगाची. त्याच्या विषयात मोलाचे काम बहुधा पुस्तकातून होते, आणि मराठीतल्या पुस्तकाने घेतलेला संदर्भ त्या मोजणीपर्यंत पोचण्याची शक्यता जवळजवळ नाही. मराठीच्या परदेशी अभ्यासाचा इतिहास पाहा. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासाला आयुष्य देणाऱ्या एलिनॉर झेलियट जवळजवळ तीन दशके शिकवीत होत्या त्या मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात. हे केवळ पदवीपर्यंतचे छोटे महाविद्यालय. जागतिक याद्यांच्या हिशेबात ते बसतच नाही. आपला एम.ए.चा विद्यार्थी तिथे जाणार नाही हे खरे. मुद्दा इतकाच की यादीला जे दिसत नाही ते नसतेच असे नव्हे. महानुभाव ग्रंथांच्या अभ्यासक ॲन फेल्डहाउस यांनी काम केले ते ॲरिझोना स्टेट विद्यापीठात. खंडोबा आणि धनगर यांच्यामागे महाराष्ट्रभर हिंडलेले ग्युंथर सोन्थायमर हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत होते. हायडेलबर्ग यादीत वरचे आहे, पण सोन्थायमर तिथे होते हे त्याचे कारण नव्हे. आमच्या तालुक्यातल्या कोलाम पोडांवर जी बोली आजही ऐकू येते, त्या कोलामीवर एमेनो यांचे पुस्तक १९५५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापले. कुठल्या विद्यापीठात कोण बसले आहे आणि ग्रंथालयात काय आहे, हे विचारल्याशिवाय यांतले काहीही सापडणार नाही. यादी हा प्रश्न विचारत नाही. विचारण्याची गरजच उरणार नाही अशी व्यवस्था करते.

या अटींच्या बाजूने दोन युक्तिवाद केले जातात. दोन्हींत तथ्य आहे, म्हणून ते टाळून पुढे जाणे योग्य नाही.

पहिला युक्तिवाद असा की पैसा जनतेचा आहे. काहीतरी वस्तुनिष्ठ कसोटी नको का? कसोटी नसेल तर दलाल फावतील, नावापुरती विद्यापीठे गब्बर होतील आणि मुले फसतील. हे भय खोटे नाही. परंतु त्यावर उपाय एकूण क्रमवारी हा नव्हे. तीच क्यूएस विषयवार याद्याही काढते. यादीच हवी असेल तर निदान विषयाची घ्या. त्याहून बरे म्हणजे, विषयाचे जाणकार बसवून विभाग, मार्गदर्शक आणि अभ्यासाची रूपरेषा तपासा. अनुसूचित जातींसाठीच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या जागा पंच्याहत्तर. तिथे तीनशेच्या आतली अट अनेक वर्षे राहिली आहे. आकडा मधूनमधून बदलतो, तत्त्व बदलत नाही. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाच्या योजनेत देशभरासाठी वीस जागा, त्यांतल्या तीन विशेष असुरक्षित जमातींसाठी. आपल्याकडे त्या जमाती म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. पंच्याहत्तर आणि वीस! एवढे अर्ज माणसाने बसून वाचणे राज्याला जड जावे, इतकी विद्वानांची टंचाई महाराष्ट्रात नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक बोचरा आहे, आणि तो मला विद्यार्थ्यांनीच ऐकवला. ते म्हणतात, सर, ज्यांच्या आडनावालाच वजन आहे त्यांनी खुशाल मार्गदर्शक पाहून विद्यापीठ निवडावे. आमच्याकडे आडनाव नाही, ओळख नाही, पुण्या-मुंबईत घर नाही. परत आल्यावर मुलाखतीत समोरच्याला सोआस म्हणजे काय हे समजावत बसायचे काय? मोठ्या विद्यापीठाचे नाव हेच आमचे वजन. याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते, आणि आजही पूर्ण उत्तर नाही. ज्याने हालअपेष्टा सोसल्या त्याला प्रतिष्ठेचा मोह धरू नकोस असे सांगण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्याला नसतो. एखाद्याने विचारपूर्वक नाव निवडले तर तो त्याचा हक्क आहे. माझा आक्षेप आहे तो निवड त्याच्याकडून काढून घेण्याला. नाव की मार्गदर्शक, हा निर्णय सधन घरातला विद्यार्थी स्वतः करतो. पोडावरच्या, बेड्यावरच्या, तांड्यावरच्या विद्यार्थ्यासाठी तो शासन-निर्णयाच्या एका ओळीत आधीच होऊन गेलेला असतो.

आणि गोष्ट क्रमवारीवरच थांबलेली नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने आपल्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत एक नवी अट घातली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. ही योजना अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. समर्थन असे केले गेले की या विषयांची साधने देशातच विपुल आहेत. आधी सांगायचे, कुठे जायचे ते आकडा ठरवील. मग सांगायचे, काय शिकायचे ते आम्ही ठरवू. आणि उरलेल्याला निवड म्हणायचे!

हा नियम शंभर वर्षांपूर्वी असता तर? भीमराव आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात निबंध वाचला तो भारतातील जातींवर. सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली केलेले काम होते ब्रिटिश भारताच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला प्रबंध होता रुपयाच्या प्रश्नावर. १९२३ साली तो पुस्तकरूपाने आला तेव्हा प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि त्या प्रस्तावनेत लेखकाशी आपले मतभेदही नोंदवले. तिन्ही विषय भारताचे. सयाजीरावांनी त्यांच्याकडून संस्थानाच्या सेवेचा करार लिहून घेतला; पण भारताविषयी लिहू नको असे त्यात बजावले नव्हते. पुढे लंडनच्या शिक्षणाला शाहू महाराजांनी हात दिला, तोही विषयाची छाननी न करता. ज्यांच्या नावाने आज राज्य शिष्यवृत्ती देते, त्यांची रीत अशी होती.

साधने देशात आहेत, हे म्हणणेही अर्धेच खरे. कोलामीचे, गोंडांचे कागद कुठे आहेत ते वर आलेच आहे. पण सारे कागद उद्या नागपुरात आणून ठेवले तरी दूर जाण्याची गरज संपत नाही. स्वतःच्या समाजावर लिहिणाऱ्याला असे एखादे ग्रंथालय लागते जिथे त्याचे आडनाव ऐकून कुणाचा चेहरा बदलत नाही. असा मार्गदर्शक लागतो जो त्याच्याशी मतभेद नोंदवूनही प्रस्तावना लिहितो. ही साधने देशात विपुल आहेत काय, याचे उत्तर आपल्या विभागांत बसलेल्या प्रत्येकाने मनाशी द्यावे.

शेवटी आपल्या, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांच्या, अपराधाविषयी. नियम शासनाने केले. पण त्यांना मुकाट संमती आपण दिली. विद्यार्थी शिफारसपत्र मागायला येतो तेव्हा आपण काय विचारतो? ‘रँक किती?’ त्या विभागात त्याच्या विषयावर कोण काम करते, तो शिक्षक निवृत्त तर होत नाही ना, ग्रंथालयात मराठीचा संग्रह आहे का, शुल्क किती आणि पाठ्यवेतन किती, हे आपण क्वचित पाहतो. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे हायडेलबर्गलाही, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला २०१७ पासून सत्राला दीड हजार युरो शुल्क आहे, आणि इंग्लंडमधल्या शुल्काच्या मानाने ते किरकोळ आहे. ही साधी माहिती तरी आपल्यापैकी किती जण विद्यार्थ्याला देतात? ती आपण दिली नाही की शहरातला सल्लागार देतो, आणि त्याची यादी त्याच्या दलालीच्या क्रमाने लावलेली असते.

तेव्हा मागणी साधी आहे. एकूण क्रमवारीची अट काढा, विभाग आणि मार्गदर्शक पाहा. विषयावरची बंदी उठवा. आणि हे होईपर्यंत निदान आपण शिक्षकांनी विद्यार्थ्याला पहिला प्रश्न आकड्याचा विचारू नये. तुला काय शोधायचे आहे, हे विचारावे. आणि ते कुठे सापडेल याचा तपास त्याच्या जोडीने बसून करावा. त्या परधान मुलाच्या बाबतीत मी हे उशिरा केले. तो परत येईल तेव्हा पदवी मोठ्या नावाची असेल. आजोबा आता गात नाहीत.