अंतिम सामना आणि तालुक्याचा वाटा

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीच्या त्यागराज क्रीडागृहात प्रो कबड्डी लीगच्या बाराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला आणि त्यात पुणेरी पलटण हा संघ दबंग दिल्लीकडून ३१-२८ असा पराभूत झाला. गेल्या चार हंगामांत या संघाने तीनदा अंतिम फेरी गाठली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत जयपूरकडून तो २९-३३ असा हरला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून त्याने प्रथमच अजिंक्यपद मिळविले. आणि २०२५ मध्ये पुन्हा तीन गुणांनी ते हुकले. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातून आलेल्या अस्लम इनामदार या तरुणाने नेतृत्व केलेल्या या संघाचे कौतुक झाले ते यथायोग्यच होते. महागड्या नामवंतांमागे धावण्यापेक्षा तरुण मुले हेरून त्यांना घडविण्यावर या संघाने भर दिला, हेही त्याच्या श्रेयाचेच म्हटले पाहिजे.

तथापि कौतुकाचा भर ओसरल्यावर एक साधा प्रश्न विचारावयास हवा. ज्या जिल्ह्याचे नाव हा संघ मिरवितो, त्या जिल्ह्यातील बारामती किंवा इंदापूर तालुक्याचा एखादा संघ, तो कितीही बलवान असला आणि त्याने कितीही सामने जिंकले, तरी या अंतिम सामन्यापर्यंत कधी पोहोचू शकेल काय? उत्तर असे की, कधीही नाही. याचे कारण खेळाडूंच्या उणिवेत शोधण्याची गरज नाही. तेथवर जाणारा रस्ताच अस्तित्वात नाही. लीगमधील बारा संघ हे बारा मालकांचे हक्क आहेत. हे हक्क करारान्वये मिळतात, मैदानावर जिंकता येत नाहीत. शेवटच्या क्रमांकावर राहिलेला संघ खाली जात नाही आणि खालचा कोणताही संघ वर येत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा प्रवेशबंद बाजार होय.

मोनास्तिरचे उदाहरण

व्यावसायिक खेळ म्हटला की असेच चालावयाचे, असा एक समज आहे. तो तपासून पाहण्यासाठी फार दूरचे, परंतु उद्बोधक असे उदाहरण घेऊ. आफ्रिका खंडात २०२१ साली बास्केटबॉलची एक व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. एनबीए ही अमेरिकेतील बलाढ्य संस्था आणि फिबा ही आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून ती उभी केली. बास्केटबॉल आफ्रिका लीग या नावाच्या या स्पर्धेतही बाराच संघ होते आणि प्रायोजक, दूरचित्रवाणी, परदेशी खेळाडू हा सारा सरंजामही होता. मात्र संघ निवडण्याची रीत वेगळी ठेवण्यात आली. पहिल्या हंगामात सहा देशांचे राष्ट्रीय विजेते थेट आले आणि उरलेल्या सहा जागांसाठी इतर देशांच्या संघांना पात्रता फेऱ्या खेळाव्या लागल्या. म्हणजे या खंडीय अंतिम सामन्याची वाट प्रत्येक देशाच्या स्वतःच्या स्पर्धेतून जात होती.

परिणाम पाहण्यासारखा आहे. पहिल्या पाच हंगामांत पाच निरनिराळे संघ विजयी झाले: २०२१ मध्ये कैरोचा झमालेक, २०२२ मध्ये ट्युनिशियातील मोनास्तिर, २०२३ मध्ये कैरोचाच अल अहली, २०२४ मध्ये अंगोलाचा पेत्रो आणि २०२५ मध्ये लिबियातील त्रिपोलीचा अल अहली. २०२३ च्या अंतिम सामन्यात पराभूत झालेला संघ तर सेनेगलच्या सीमाशुल्क खात्याचा होता! एका सरकारी खात्याचा संघ खंडाच्या अंतिम सामन्यात उभा राहतो, ही गोष्ट आपल्याकडील कारकून वर्गास नवलाची वाटेल.

यांपैकी मोनास्तिरची कथा आपल्या भागातील वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. हे ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरील एक मध्यम आकाराचे शहर. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा यांचे जन्मगाव म्हणून ते जगास ठाऊक. एका नेत्याच्या नावाने ओळखले जाण्याचा हा योग बारामतीकरांना परका वाटू नये. तेथील क्लब १९२३ साली स्थापन झाला. २०२१ मध्ये पहिल्याच अंतिम सामन्यात तो झमालेककडून ६३-७६ असा हरला. पुढच्याच वर्षी लुआंडाच्या पेत्रो संघाचा ८३-७२ असा पराभव करून त्याने सबंध खंडाचे विजेतेपद मिळविले. राजधानी नसलेले, महानगर नसलेले एक गाव हे करू शकले, कारण देशातील स्पर्धा जिंकली की पुढचा दरवाजा उघडेल अशी व्यवस्था होती.

या स्पर्धेचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. पेत्रोच्या पाठीशी अंगोलाची सरकारी तेल कंपनी आहे; कैरोचे दोन्ही क्लब धनाढ्य आहेत; खुल्या रस्त्यावरही श्रीमंताची गाडी पुढे धावते, हे खरे. परंतु रस्ता खुला असणे आणि रस्ता नसणे यांत मूलभूत अंतर आहे. पहिल्या परिस्थितीत गावाला आपली शक्ती वाढविण्याचे प्रयोजन राहते. दुसऱ्या परिस्थितीत गावाच्या वाट्याला फक्त टाळ्या वाजविण्याचे काम उरते.

कबड्डी कोणी वाढविली?

आता आपल्या खेळाकडे वळू. मोनास्तिरचा क्लब ज्या वर्षी स्थापन झाला, त्याच १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धा भरविली होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पुढे शंकरराव उर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्य वेचून या खेळाला देशभर आणि आशियाभर नेले. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक मिळविले. हे सारे भांडवलदारांच्या पैशावर झाले नाही. व्यायामशाळा, तालमी, शाळांचे क्रीडाशिक्षक आणि गावोगावची तरुण मंडळे यांच्या वर्गणीवर आणि घामावर ते झाले. यात्रेतील सामन्यांसाठी मैदान आखणारी, रात्रीच्या दिव्यांची सोय करणारी, बाहेरगावच्या संघाला जेवू घालणारी माणसे कोणत्याही ताळेबंदात दिसत नाहीत.

या खेळाडूंना पूर्वी मोबदला मिळे तो नोकरीच्या रूपाने. रेल्वे, पोलीस, बँका, मोठे कारखाने कबड्डीपटूंना नोकरीत घेत. पगार माफक असे. पण गुडघा दुखावला तरी चूल विझत नसे. २०१४ साली लीग सुरू झाली आणि हे गणित बदलले. त्या वर्षीच्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमार या खेळाडूवर, १२ लाख ८० हजार रुपयांची लागली होती. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. नऊ वर्षांत वीस पटींहून अधिक वाढ! कबड्डी खेळणाऱ्या मुलाला कोणी कोटी रुपये देईल, असे मागच्या पिढीने स्वप्नातही पाहिले नव्हते. ही वाढ स्वागतार्हच आहे आणि लीगने ती घडवून आणली, हे मान्य केलेच पाहिजे.

मुद्दा असा की, या दोन कोटी साठ लाखांत त्या मुलाला बाराव्या वर्षापासून शिकविणाऱ्या क्लबाचा वाटा किती? कायद्याने, नियमाने, हक्काने म्हणाल, तर काहीही नाही. खर्च समाजाचा आणि किंमत बाजाराची, असा हा व्यवहार आहे.

उसाचा न्याय खेळाडूला का नको?

बारामती आणि इंदापूरच्या वाचकांस ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी पुस्तकी सिद्धांतांची जरुरी नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात वाढलेल्या माणसास कच्च्या मालाची किंमत म्हणजे काय, हे उपजतच कळते. शेतकऱ्याचा ऊस कारखान्यात गेला की, केंद्राने ठरविलेला रास्त व किफायतशीर दर त्याला चौदा दिवसांच्या आत मिळाला पाहिजे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये हा दर ठरला. तो वेळेवर मिळत नाही, पुरत नाही, यासाठी आंदोलने होतात हे खरे. पण हक्क आहे म्हणूनच आंदोलन करता येते. शिवाय सहकारी कारखान्यात ऊस घालणारा हाच सभासद असतो. वार्षिक सभेत उभे राहून तो संचालकांना जाब विचारू शकतो.

खेळाडू घडविणाऱ्या गावच्या मंडळाला दर नाही, सभासदत्व नाही आणि जाब विचारण्याची जागाही नाही.

लीगचे समर्थक म्हणतात की वर पैसा आला की तो हळूहळू खाली झिरपेल. नीरा डाव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेती असलेल्या इंदापूरच्या शेतकऱ्याला हा युक्तिवाद सांगून पाहावा! वर सोडलेले पाणी शेपटाकडे पोहोचावयाचे तर पाळीपत्रक लागते, मोजमाप लागते आणि वरच्यांना आवर घालणारा नियम लागतो. नुसत्या उतारावर भरवसा ठेवून भागत नाही, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. पाण्याला जे लागू, तेच पैशाला लागू.

काय करता येईल?

पहिला उपाय परीक्षित आहे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा नियम असा की, करार चालू असताना खेळाडू मोबदला घेऊन एका क्लबाकडून दुसऱ्याकडे गेला, तर त्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतचा हिस्सा, बारा ते तेवीस वर्षे या वयात ज्या ज्या क्लबांनी त्याला घडविले त्यांच्यात वाटला जातो. कबड्डीच्या लिलावास हेच तत्त्व लावता येईल. खेळाडूच्या मोबदल्यास कात्री न लावता मालकाने वर पाच टक्के भरावेत. एक कोटीच्या बोलीमागे पाच लाख रुपये होतात. बारा संघांच्या मालकांना ही रक्कम जड नाही. परंतु तालुक्यातील एखाद्या मंडळाला तेवढ्यात मैदान, साहित्य आणि प्रशिक्षकाचे मानधन यांची मोठी सोय होईल. मात्र त्यासाठी क्लबांची रीतसर नोंदणी, खेळाडूंच्या वयाच्या आणि सरावाच्या नोंदी आणि तपासलेले हिशेब हवेत. अन्यथा हा पैसाही कोणत्या तरी वजनदार माणसाच्या संस्थेत जिरेल. संस्था सर्वांची आणि हिशेब एकाचा, या रोगाची ओळख आपल्याला करून द्यावयास नको.

दुसरा उपाय रस्त्याचा. तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्यांनी क्लबांची स्पर्धा व्हावी आणि राज्यांच्या विजेत्यांमधून किमान दोन संघांना लीगमध्ये एका हंगामापुरते तरी स्थान मिळावे. मालकांनी गुंतविलेल्या पैशाला संरक्षण हवे, ही त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. म्हणून सध्याच्या बारा जागांना धक्का न लावता दोन जागा वाढवाव्यात. संघांची संख्या २०१७ साली आठांवरून बारांवर नेता आली, तर बारांवरून चौदा करणे अशक्य नाही.

तिसरी गोष्ट मुलींची. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझौ येथे भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही कबड्डी संघांनी आशियाई सुवर्णपदक मिळविले. पुरुषांसाठी बारा हंगाम झाले. महिलांसाठी याच लीगच्या जोडीने २०१६ साली तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली आणि तिथेच ती थांबली. शाळेच्या मैदानावर मुलींची कबड्डी सकस आहे, हे आपल्या भागातील प्रत्येक क्रीडाशिक्षक जाणतो. तिच्यापुढे शिडी तर नाहीच, अंगणही अपुरे आहे.

हे सारे घडवून आणण्याचे सामर्थ्य महाराष्ट्रापाशी आहे. कबड्डीच्या आणि अन्य खेळांच्या संघटनांची सूत्रे दीर्घकाळ या राज्यातील प्रमुख राजकारण्यांच्या हाती राहिली आणि त्यांत बारामतीचा वाटा लहान नव्हता. संघटनेचे पद हे केवळ बक्षीस समारंभापुरते नसते. खेळ उभा करणाऱ्यांच्या वतीने बाजाराशी वाटाघाट करणे हे त्याचे खरे काम होय. ते काम व्हावे यासाठी दडपण आणावयाचे ते शिक्षकांनी, पालकांनी आणि मैदानावर घाम गाळणाऱ्या विद्यार्थ्यांनीच.

ऊसदर मागितल्यावाचून मिळाला नाही आणि पाणी भांडल्यावाचून शेपटाला आले नाही. खेळाडू पिकविणाऱ्या गावांनी आपला दर अजून मागितलेलाच नाही. पुढच्या लिलावाची बोली पुकारली जाण्यापूर्वी तो मागितला गेला पाहिजे.