सगळे एकदम बोलतात तेव्हा

उमरगा तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं दोन पानी पत्र समोर आहे. घरात नऊ माणसं, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. मगरिबनंतर कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात. सासऱ्यांच्या बातम्या, दिराच्या मोबाइलवरचे रील, जाऊबाईंचं शिलाई मशीन. एक मुलगा मदरशाचा सबक पाठ करतोय, दुसरी शाळेची कविता घोकतेय, आणि या सगळ्यातून सासूबाई विचारतात, मीठ टाकलंस का? तिला ऐकू येतं, पण कळत नाही. छातीत धडधडतं, हातातलं पातेलं आदळलं जातं. मग घर म्हणतं, सून चिडकी आहे. पत्राच्या शेवटी तिनं विचारलंय, माझ्यात सब्र कमी आहे का?

निदान एवढ्यावरून तरी तसं म्हणता येणार नाही. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. येईल तो आवाज कान आत घेतो आणि त्यातलं कामाचं कोणतं, हे मेंदूला निवडावं लागतं. कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकानं १९५३ मध्ये यावर प्रयोग केले. एकाच माणसाच्या आवाजातली दोन निवेदनं एकमेकांत मिसळून लोकांना ऐकवली. त्यातलं एक वेगळं काढताना लोक मेटाकुटीला आले, तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकावा लागला. तीच दोन निवेदनं वेगवेगळ्या कानात दिली, तर काम सोपं झालं. म्हणजे त्रास नुसत्या मोठ्या आवाजाचा नसतो, आवाज एकमेकांवर चढण्याचाही असतो. ही निवड करण्याची ताकद सगळ्यांची सारखी नसते. झोप अपुरी झाली, डोकं दुखत असलं, घरात तान्हं मूल असलं, की ती आणखी घटते.

आणखी एक गंमत आहे. परसात बांधलेली उस्मानाबादी शेळी दिवसभर ओरडते, तिचा फारसा त्रास होत नाही. रीलमधलं कुणीतरी अर्धं वाक्य बोलतं आणि वीस सेकंदांत दुसरंच सुरू होतं, त्यानं मात्र डोकं उठतं. कारण शब्द आले की मेंदू ते समजून घ्यायला धावतोच. शेळीकडून त्याला तशी अपेक्षा नसते!

आता घराकडे पाहू, कारण या कहाणीत घराचाही हात आहे. मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचा थर, सारवलेली जमीन, पुढे ढाळज, मध्ये चौक. पुरुषांच्या गप्पा ढाळजेत, पोरांचा दंगा चौकात, चूल मागे. जाड भिंत आवाज पलीकडे जाऊ देत नसे, उघडा चौक तो आभाळात सोडून देई. पण त्याच भिंती आणि तीच माळवदं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लोकांच्या अंगावर आली. उमरगा, लोहारा आणि शेजारच्या औसा भागात हजारो माणसं झोपेतच गेली. त्यामुळे त्या घरांचं गुणगान करायला जीभ धजत नाही. नंतर सिमेंटची, पत्र्याची घरं आली, ते बरंच झालं. फक्त त्यांचा एक गुण ओळखून राहायला हवं. गुळगुळीत फरशी, सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब किंवा पत्रा. अशा खोलीत आवाज भिंतीला आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. रंगकामासाठी रिकाम्या केलेल्या खोलीत एकदा टाळी वाजवून पाहा, मग तीच टाळी अंथरुणं रचलेल्या खोलीत वाजवा.

यावरचा उपाय घरातच आहे. गोधड्या-वाकळा पेटीत कोंबण्यापेक्षा भिंतीलगत दिवाणावर उघड्या रचा. फरशीवर सतरंजी, दाराला जाड पडदा. भांड्यांच्या मांडणीच्या फळ्यांवर जुनी चादर, मिक्सरखाली घडी केलेलं पोतं. शेजारच्या खोलीतला टीव्ही यानं थांबणार नाही, पण त्याच खोलीतला घुमारा नक्की कमी होतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. १९११ मध्ये फ्रान्समधले डॉक्टर एतिएन लोंबार यांनी दाखवून दिलं की बोलणाऱ्याच्या कानात गोंगाट सोडला, की त्याचा आवाज आपोआप चढतो. गोंगाट थांबवला की उतरतो. आपण आवाज वाढवलाय हे त्याला जाणवतही नाही. आपल्या घरांत हे रोज घडतं. टीव्ही चालू असतो म्हणून चुलीपाशी बोलणारी आवाज चढवते. ती बोलते म्हणून दादाजी टीव्ही वाढवतात. टीव्ही वाढला म्हणून मुलं किंचाळून बोलतात. "हळू बोला!" असं ओरडून सांगितलेलं दोन मिनिटंही टिकत नाही ते यामुळेच. माणसांना गप्प करायला जाऊ नका, आधी यंत्रं बंद करा. माणसांचे आवाज मागोमाग खाली येतात.

हिशेबानं पाहिलं तर सारख्याच दोन आवाजांतला एक बंद केल्यानं मोजणीच्या यंत्रावर जेमतेम ३ डेसिबल उतरतात. मापात किरकोळ, पण शब्दांचे दोन ओघ वाहत होते तिथे एक उरतो, आणि डोक्याला हवं असतं तेच.

सूरह लुकमानमधली आवाज खाली ठेवण्याची ताकीद आपण लेकी-सुनांना हौसेनं ऐकवतो. त्यासोबत आणखी दोन गोष्टी घरातल्या पुरुषांनीही आठवाव्यात. हजरत मिकदाद (रजि.) यांनी सांगितलेली आठवण सहीह मुस्लिममध्ये आहे: पैगंबर (स.) रात्री येत, तेव्हा असा सलाम करत की जागा असलेल्याला ऐकू यावा आणि झोपलेल्याची झोप मोडू नये. दुसरी अबू दाऊदमध्ये आहे. एतिकाफमध्ये असताना काही लोक मोठमोठ्यानं कुरआन पठण करताना ऐकू आले, तेव्हा पैगंबरांनी (स.) पडदा सारून त्यांना समजावलं की प्रत्येक जण आपल्या रबशी बोलतो आहे, तर एकमेकांना त्रास देऊ नका, पठणात एकमेकांवर आवाज चढवू नका. पठणालाही जिथे ही मर्यादा आहे, तिथे रीलची काय कथा? मुलाचा सबक फजरनंतर ठेवला, किंवा एकानं आधी आणि दुसरीनं नंतर घोकलं, तर दोघांचंही पाठांतर लवकर होतं. एका खोलीत एका वेळी एकच मोठ्यानं वाचेल, एवढा एक नियम घरातल्या वडीलधाऱ्यानं घालून द्यावा. तो सुनेनं मागावा लागू नये.

दादाजींचा टीव्ही एवढा मोठा का, हेही कुणी विचारत नाही. वयानुसार आधी बारीक, तीव्र सूर ऐकू येईनासे होतात. स, श, फ यांसारखी अक्षरं निसटतात, बोलणं पुटपुटल्यासारखं वाटतं. मग ते म्हणतात, मोठ्यानं बोल. थोडं मोठ्यानं बोललं की म्हणतात, ओरडतोस कशाला? यात हट्ट नाही. अशा कानाला हळू आवाज पोचत नाही आणि मोठा आवाज एकदम बोचतो. त्यांच्यासमोर बसून, सावकाश, नेहमीच्या आवाजात बोलावं. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागात त्यांना एकदा दाखवून आणा. गरीब ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. एका माणसाचा कान तपासला तर नऊ जणांची संध्याकाळ सुधारू शकते.

लहान मूल मिक्सर लागताच कान झाकून पळत असेल, लग्नात हंबरडा फोडत असेल, तर नजर उतरवून किंवा थापट मारून ते थांबत नाही. काही मुलांची जाणच तशी तीक्ष्ण असते. पण त्यासोबत बोलणं उशिरा सुरू झालं असेल, नावानं हाक मारल्यावर ते पाहत नसेल, तर वाट बघू नका. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यातल्या डॉक्टरांना दाखवा. तोवर मिक्सर लावण्याआधी त्याला सांगा, बटण त्यालाच दाबू द्या. आपल्या हातातला आवाज कमी खुपतो. मोठ्यांचंही असंच असतं.

मोठ्यांनी कधी डॉक्टर गाठावा? आवाजासोबत उजेडही सोसत नसेल, अर्धं डोकं ठणकत असेल, मळमळत असेल, तर तो मायग्रेन असू शकतो. एका कानानं अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी जा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. बाळंतपणानंतर आवाज नकोसे होण्यासोबत सतत रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर विनामूल्य बोलता येतं.

आणि घरात सांगायचं कसं? भर गोंधळात नको. जेवणं उरकल्यावर, शांत वेळी. "तुम्ही फार गोंगाट करता" म्हटलं की भांडण ठरलेलं. "अम्मी, सब एकदम बोले तो मेरेकू समझता नहीं, एक एक जन बोलो ना" असं म्हटलं तर सासूही म्हणेल, मलाही कुठं कळतं!

कापसाचे बोळे फारसे कामाचे नाहीत. औषधाच्या दुकानात फोमच्या गोळ्या मिळतात, त्या बऱ्या. पण घरात दिवसभर घालून बसू नका, कान शांततेला सोकावतो आणि साधा आवाजही जास्त बोचू लागतो. संध्याकाळचा एखादा तास पुरे. लग्नात डीजेजवळ बसणं भाग पडलं तर मात्र जरूर घाला. लहानग्यांना त्या देऊ नका, तोंडात घालतात. त्यांच्यासाठी कान झाकणारे हेडफोनसारखे कानपट्टे मिळतात.