पूररेषेचे गणित वर्गात आणा

संभाव्यता आणि यदृच्छ प्रक्रिया (काळानुसार योगायोगाने बदलत जाणाऱ्या घटनांचे गणित) हा विषय विद्यापीठांत आहे. पण सूत्रे पाठ करायची, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या, की तो संपतो. आपल्या शहरांना हे परवडणारे नाही.

१. नदीकाठची निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘मोठा पूर नुकताच येऊन गेला, आता पंचवीस वर्षे काळजी नाही,’ असा अर्थ लोक काढतात. तो घातक आहे. निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दरवर्षी ४ टक्के असते, मग गेल्या वर्षी पूर आलेला असो वा नसो. प्रत्येक वर्ष स्वतंत्र धरले, तर २५ वर्षांत निदान एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता ६४ टक्के. लाल रेषेचा पूर घराचे ३० वर्षांचे कर्ज फिटण्याआधी येण्याची शक्यता २६ टक्के. घर घेणाऱ्याला हे आकडे समजावून सांगणारा अभियंता आपण घडवतो आहोत का?

२. शिवाय हे आकडे जुन्या नोंदींवर उभे असतात. पाऊस बदलला, पाणलोटात काँक्रीट वाढले, तर पुराची प्रक्रियाच बदलते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईचे जुने नाले मात्र तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाचे होते.

३. हा विषय पुरापुरता नाही; रुग्णालयातली केसपेपरची रांगही त्यातच येते. एका खिडकीच्या साध्या गणितात खिडकी ८० टक्के वेळ व्यग्र असेल, तर रांगेत सरासरी चार रुग्णांच्या कामाइतका वेळ जातो. ९५ टक्के व्यग्र असेल, तर एकोणीस रुग्णांच्या. कर्मचाऱ्याला क्षणभर उसंत नसणे म्हणजे कार्यक्षमता, हा समज रुग्णांना ताटकळत ठेवतो.

४. हा विषय आपल्याला परका नाही. गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना, १९४३ मध्ये, यदृच्छ प्रक्रियांच्या विस्ताराचा मूलभूत निष्कर्ष मांडला. त्याच निष्कर्षावरचे कार्हुनेन आणि लोएव्ह या गणितज्ञांचे काम त्यानंतरचे. तरी अनेक पुस्तकांत या दोघांचीच नावे आढळतात.

५. म्हणून अभ्यास मंडळांना विनंती: स्थापत्य, नगररचना आणि सार्वजनिक आरोग्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला या विषयात स्थानिक नोंदींवरचा एक प्रकल्प सक्तीचा करा. धरणाचा विसर्ग घ्या, बसच्या वेळा घ्या, दवाखान्याची रांग घ्या. महापालिकांनी आणि जलसंपदा विभागाने त्यासाठी आपल्या नोंदी खुल्या कराव्यात.