तारप्याकडे पाठ

गेल्या गणपतीत आपल्या मंडळाच्या मखरामागे वारली चित्रांचा पडदा होता. पडदा देखणा होता, त्याच्यासमोर फोटोही भरपूर निघाले. मी मूळचा बोईसरचा, त्यामुळे माझी नजर नको तिथे गेली. तारपा नाचाचा फेर काढला होता, पण बंद वर्तुळात. आमच्याकडे हा फेर गुंडाळी उलगडावी तसा सरकतो, शेवटच्याचा हात मोकळा राहतो आणि मधल्या तारपा वाजवणाऱ्याकडे कुणी पाठ करत नाही. पडद्यावर तारपावालाच नव्हता. त्याच्या जागी प्रायोजकाचं नाव होतं.

स्थानिक संस्कृती जागतिकीकरणाला वळण लावते, असं हल्ली चर्चासत्रांतून वरचेवर ऐकू येतं. मला ते अर्धंच पटतं. जिथे अटी घालणं स्थानिकांच्या हातात असतं, तिथे वळण लागतं. नाहीतर उरते ती नक्षी.

वारली चित्रांचंच घ्या. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायचा, त्यात पालघाट देवी बसवायची, हे काम सवाशिणींचं. धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी बाई, गाणी म्हणते आणि लग्न लावते. चौक विकण्यासाठी नसे. लग्न आटोपलं की भिंत पुन्हा रोजची भिंत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू तालुक्यात कागद घेऊन आले आणि भिंतीवरचं चित्र हलवता येऊ लागलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं 1989 मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या प्रदर्शनापर्यंत पोहोचली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मशे यांनी जगाची चित्रकला नक्कीच थोडी हलवली. त्यांच्या जाळ्यात, मुंग्यांच्या रांगांत, भाताच्या शेतात जो बारीक थरथरता ठिपका आहे, तो कोणत्याही कलाशाळेने शिकवलेला नाही. पण त्याच काळात वारली आकृत्या कपबशीवर, उशीच्या अभ्र्यावर, विमानतळाच्या भिंतीवर गेल्या. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण इंटरनेटवरून चित्र उतरवून घेणाऱ्याला त्याची आठवण कोण करून देणार? आपल्या पडद्याला तरी कुणी दिली नाही. आणि या सगळ्या धांदलीत चौक काढणारी बाई मागेच राहिली, हे मला जास्त टोचतं.

याच्या उलट गोष्ट चिकूची. तो मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. त्याच्या चिकापासून तिकडे चघळायचा गम करत. डहाणू-घोलवडला इराणी आणि पारशी बागायतदारांनी त्याच्या वाड्या उभ्या केल्या, वारली मजुरांनी त्या जोपासल्या, आणि फळ इतकं इथलं झालं की 2016 मध्ये 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून त्यालाच मानांकन मिळालं. परक्या फळाला गावाचं नाव लागलं. मजुराचं मात्र कुठेच लागलं नाही. ही कहाणी सांगताना आपण इराण्यांपाशी थांबतो, ती सवय मलाही होती.

तारापूरच्या अणुवीज केंद्राचं थोडक्यात सांगतो. 1969 मध्ये अमेरिकी बनावटीच्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाला आडकाठी केली, तेव्हा फ्रान्सपासून रशियापर्यंत हात पसरून आणि पुष्कळसं स्वतः शिकून आपल्या लोकांनी त्या चालू ठेवल्या. पुढच्या दोन, प्रत्येकी 540 मेगावॉटच्या, स्वदेशी. परक्या तंत्रज्ञानाला इतकं आपलंसं केल्याचं दुसरं उदाहरण जिल्ह्यात नाही. या नव्या दोन भट्ट्यांसाठी मात्र अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. अटी देशाने घातल्या, गावाने नव्हे.

गावाने अट घातली ती डहाणू तालुक्यातल्या वाढवणला, बंदराच्या प्रश्नावर. डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यासाठी प्राधिकरण नेमलं गेलं, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखालच्या त्या प्राधिकरणाने 1998 मध्ये एका बड्या ब्रिटिश कंपनीचं तिथलं बंदर नाकारलं. मच्छीमार, बागायतदार, आदिवासी यांचं 'नाही' जगाच्या एका मोठ्या जहाजवाल्याला ऐकावं लागलं. जागतिकीकरणाला वळण लागतं ते असं. पण त्याच प्राधिकरणाने 2023 मध्ये तिथल्याच नव्या बंदराला हिरवा कंदील दाखवला आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी सुमारे 76 हजार कोटींच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. कंपनी परकी होती तेव्हा आपण जागे होतो. मालक सरकार झाल्यावर 'विकास' म्हणून मान डोलावतो. बंदराने रोजगार येईल हे खोटं नाही, बोईसरच्या पोरांना कामं हवीच आहेत. पण सरंगा पकडणाऱ्याने नुकसानीचा हिशेब मागितला की तो विकासविरोधी कसा ठरतो, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध हरित लवादाचं दार ठोठावलं तेही मच्छीमार मांगेला समाजाच्याच संघटनेने.

यंदाच्या मखरासाठी चित्र गंजाडच्या एखाद्या चित्रकार घरातूनच मागवावं, शक्यतो बाईच्या हातचं, चौकासकट, आणि पडद्यावर तिचं नाव मोठ्या अक्षरांत असावं, असा प्रस्ताव मी समितीकडे दिला आहे. उत्तरात पहिला प्रश्न आला: "भाव थोडा कमी नाही का होणार?"