पोरांना डिस्टिलरी दाखवा



‘कार्बन पकडणे’ हा शब्द हल्ली शाळेतही ऐकू येतो. पोरं तो पाठ करतात, तक्ते रंगवतात. वायू मात्र कुणी पाहिलेला नसतो. उसाच्या मुलखात हा विषय नुसता फळ्यावर शिकवावा, हे आम्हांस पटत नाही.

पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा व वरची निवळी काढा. दुसऱ्या बाटलीत गुळाचं कोमट पाणी आणि चमचाभर यीस्ट घाला. बुचातून नळी काढून निवळीत बुडवा. बुडबुडे येतात, निवळी दुधासारखी होते. वायू पकडला गेला, त्याची चुनखडी झाली.

आता मास्तरांनी विचारावं, हा चुना आला कुठून? चुनखडी भट्टीत भाजून! भाजताना तेवढाच वायू हवेत गेला, जळणाचा धूर वेगळाच. म्हणजे हिशेब तोट्याचा. हे ज्या पोराला उमगलं, त्याला उद्या कोणी कंपनीवाला सहजी फसवणार नाही.

डिस्टिलरीतही तेच आंबवण चालतं. १८० किलो ग्लुकोजपासून हिशेबाने ९२ किलो अल्कोहोल व ८८ किलो कर्बवायू निघतो. ऊस जो वायू हवेतून घेतो, तोच हा. काही ठिकाणी तो धरून सोडावॉटरसाठी विकतात. पण बाटली फोडली की पुन्हा हवेतच. अमेरिकेत डीकेटर येथे मक्याच्या अल्कोहोलचा असा सुमारे १० लाख टन वायू २०११ ते २०१४ मध्ये दोन किलोमीटर खोल वालुकाश्मात सोडला. आइसलँडमध्ये पाण्यात मिसळून बेसॉल्टमध्ये सोडलेला बहुतेक वायू दोन वर्षांत दगड झाला. आपल्या विहिरींचा काळा कातळही बेसॉल्टच. इथे तसं जमेल का, हे पोरांनीच विचारू द्या की!

एक मात्र सांभाळावं. हा वायू हवेपेक्षा जड, त्याला रंग-वास नाही, तो तळाशी साचतो. जुन्या विहिरीत आधी कंदील सोडायची आपली रीत त्याचसाठी. खोल पातेल्यात हा वायू भरून त्यात मेणबत्ती विझवून दाखवावी. टाकीच्या तोंडाशी कुणालाही जाऊ देऊ नये.

आमची मागणी एवढीच की, हंगामात महिन्यातून एक दिवस नववी-दहावीच्या मुलांना डिस्टिलरी दाखवावी आणि केमिस्ट साहेबांनी वरचा प्रयोग करून घ्यावा. खर्च म्हणाल तर चुना, गूळ आणि त्यांचे दोन तास. येत्या सर्वसाधारण सभेत कुणी सभासदाने हा विषय मांडावा, आम्ही अनुमोदन देऊ.