कुर्तुब्याचे दोन गावकरी

तरावीहनंतर चहाच्या टपरीवर पोट्टे बसतात तेव्हा ‘यहुदी’ हा शब्द हल्ली निघतोच, आणि निघतो तो गाझाच्या बातम्यांतून. त्या बातम्यांचं दुःख खरं आहे, ते कुणी कमी लेखू नये. पण अमरावती-अकोल्यात तत्त्वज्ञान घेतलेल्या विद्यार्थ्याला यहुदी एवढाच ठाऊक असेल, तर नुकसान त्याचंच आहे.

इब्न रुश्द ११२६ मध्ये स्पेनच्या कुर्तुब्यात जन्मले. मूसा बिन मैमून दहा-बारा वर्षांनी त्याच शहरात. एक मुसलमान काझी, दुसरे यहुदी धर्मशास्त्री. दोघेही हकीम, आणि दोघांपुढे पेच एकच. अरस्तू म्हणतो विश्व अनादि आहे, धर्मग्रंथ म्हणतो ते निर्माण केलं गेलं. मग अकलेनं काय करायचं? गझालींनी फलसफीवाल्यांना खोडून काढलं होतं. इब्न रुश्द यांनी त्यांना उत्तर दिलं, आणि विचार करणं हे शरियतनंच सांगितलेलं काम आहे असं मांडलं. मूसा म्हणाले, अरस्तूला आपलं म्हणणं सिद्ध करता आलेलं नाही. त्यांनी हा ग्रंथ लिहिला अरबीत, लिपी तेवढी हिब्रू! उलट इब्न रुश्द यांची काही भाष्यं मूळ अरबीत हरवली. ती यहुद्यांनी केलेल्या हिब्रू भाषांतरांमुळे आज वाचता येतात.

यावर गोड मुलामा चढवायला नको. मुवाहिदून राजवटीत मूसांच्या घराण्याला गाव सोडावं लागलं. त्याच राजवटीनं ११९५ मध्ये इब्न रुश्दना हद्दपार केलं, त्यांची पुस्तकं जाळली. मूसांना ठाव मिळाला काहिरात, सलाहुद्दीनच्या राज्यात. तिथे ते दरबारी हकीम झाले.

एवढं लांब तरी कशाला? कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे शनवार तेली, मराठीच बोलत आले. हैम सॅम्युएल केहिमकरांनी त्यांच्या जुन्या उपासांची नावं नोंदवली आहेत. त्यांत एक ‘रमजान’ आहे, आणि एक ‘बिरड्याचा रोजा’, वालाच्या बिरड्यावरून. सिनेगॉगला ते मशीदच म्हणत.

आपल्या कॉलेजांच्या तत्त्वज्ञान विभागांनी उन्हाळी सुटीत एवढं करून पाहावं. मदरशातला अरबी येणारा आणि कॉलेजातला इंग्रजी येणारा, असे दोघं एका टेबलाशी बसवावेत आणि समोर इब्न रुश्द, मूसा ठेवावेत. एक मूळ वाचेल, दुसरा अनुवाद ताडून पाहील. भांडतीलही. गझालींच्या बाजूनं बोलणारा तिसरा मिळाला तर फारच उत्तम.